टायबर्नचा वधस्तंभ आणि अनुमोदनेचे पाप

कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन शब्द जैन कुटुंबात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानावर लहानपणीच पाठशाळेत पडलेले असतात. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्या कृतीस मनाने संमती दिलेले, अशा तिन्ही मार्गांनी कर्माचा आस्रव होतो, असे आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. संरंभ, समारंभ व आरंभ हे तीन, मन, वचन व काय हे तीन, कृत, कारित व अनुमत हे तीन आणि चार कषाय यांचा गुणाकार केला म्हणजे १०८ भेद होतात. जपमाळेतील १०८ मण्यांचा संबंध आपले वडीलधारे याच संख्येशी जोडत आले आहेत.

यांपैकी कृत आणि कारित समजण्यास कठीण नाहीत. अनुमोदनेविषयी मात्र पुष्कळांच्या मनात शंका असते. ज्याने हात उचलला नाही, ज्याने आज्ञा दिली नाही, जो केवळ उभा राहून पाहत होता, त्याला पाप का लागावे? या शंकेचे उत्तर शास्त्रात आहेच. परंतु ते इतिहासातही सापडते. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये गुन्हेगारांना भर चौकात, हजारो लोकांच्या साक्षीने फासावर चढविले जात असे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा अमंगल विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. परंतु बघ्यांच्या मनाचे काय होते आणि बघ्यांनी संमती काढून घेतली म्हणजे काय घडते, या दोन्ही गोष्टींचा पुरावा त्या इतिहासाने जितका स्पष्ट ठेवला आहे तितका क्वचितच कोठे मिळेल.

फाशीचे दोनशे कायदे

सन १६८८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये सुमारे ५० अपराधांसाठी देहान्त शिक्षा होती. सन १८२० पर्यंत ही संख्या २०० च्या वर गेली. इतिहासकार या कायदेसंग्रहाला ‘रक्तरंजित संहिता’ म्हणतात. त्यात खून, राजद्रोह व दरोडा होताच. परंतु दुकानातून ५ शिलिंग किमतीचा माल लपवून नेणे, राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी करणे, मेंढी पळविणे आणि खोटी सही करणे यांनाही फाशीच होती.

सन १७२३ चा ‘ब्लॅक अ‍ॅक्ट’ हे याचे ठळक उदाहरण. विंडसर आणि वॉल्थमच्या राखीव वनांत काही लोक तोंडाला काळे फासून रात्री हरणे मारीत. त्यांना धाक बसावा म्हणून पार्लमेंटने तीन वर्षांसाठी हा कायदा केला. पुढे त्याची मुदत वाढत गेली, सन १७५८ मध्ये तो कायम झाला आणि थेट सन १८२३ पर्यंत टिकला. वेषांतर करून हरीण मारणे, दुसऱ्याची लावलेली झाडे तोडणे, मत्स्यतलावाचा बांध फोडणे, गवताची गंजी पेटविणे, अशा सुमारे ५० कृत्यांना त्याने देहान्त शिक्षा लावली. हरणाविषयीच्या करुणेतून हा कायदा झाला, असे मात्र समजू नये. त्याच वनात उमराव मंडळी मौजेखातर शिकार करीतच होती. रक्षण हरणाचे नव्हते, मालकीचे होते.

इतक्या कठोरपणाचे कारणही समजून घेतले पाहिजे. लंडनला संघटित पोलीस दल मिळाले ते सन १८२९ मध्ये. त्यापूर्वी चोर सापडण्याची शक्यता कमी असे. पकडता येत नाही तेव्हा जो सापडेल त्याला अशी शिक्षा द्यावी की पाहणाऱ्यांचा थरकाप उडावा, असा राज्यकर्त्यांचा हिशेब होता. म्हणजे फाशी जितकी अपराध्यासाठी, तितकीच ती बघ्यांसाठी होती. बघ्यांना बाजूला काढले तर या व्यवस्थेचा पायाच निखळत होता.

न्यूगेट ते टायबर्न

लंडन शहरातील न्यूगेटचा तुरुंग आणि शहराबाहेर पश्चिमेला असलेले टायबर्न यांत सुमारे तीन मैलांचे अंतर होते. आजच्या मार्बल आर्चजवळ हे स्थान असून तेथे एक गोल स्मृतिशिला बसविलेली आहे. सन १५७१ मध्ये येथे तीन खांब व तीन आडव्या तुळया असलेला त्रिकोणी वधस्तंभ उभारला गेला. एका वेळी २४ जणांना लटकविता येईल अशी त्याची रचना होती. सन १७५९ मध्ये तो काढून टाकून गरजेपुरता उभा करावयाचा फिरता वधस्तंभ आणला गेला.

फाशीच्या आधीच्या रात्री सेंट सेपल्कर चर्चचा सेवक बंदिवानांच्या कोठडीबाहेर हातघंटा वाजवून त्यांना पश्चात्तापाची आठवण करून देई. रॉबर्ट डाऊ नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याने सन १६०५ मध्ये यासाठी ५० पौंडांचे दान देऊन ठेवले होते. अपराध्याच्या आत्म्याचे कल्याण व्हावे हा दात्याचा हेतू असणार. पण त्या आत्म्याचा देह वाचावा, हा विचार त्या काळी दानाच्या कक्षेत आलेला नव्हता.

सकाळी बंदिवानांच्या बेड्या काढून, हात बांधून, गळ्यात दोर अडकवून त्यांना गाडीत बसवीत. पुष्कळदा त्यांची शवपेटीही त्याच गाडीत असे. वाटेत गाडी दारूच्या गुत्त्यापाशी थांबे आणि बंदिवानाला शेवटचा पेला मिळे. दोन्ही बाजूंना इतकी गर्दी दाटलेली असे की तीन मैलांना दोन ते तीन तास लागत. टायबर्नला पोहोचल्यावर दोर तुळईला बांधून खालून गाडी हाकून नेली जाई. मान मोडून तात्काळ मृत्यू येण्याची सोय तेव्हा नव्हती. जीव घुसमटून जाई आणि तो लवकर सुटावा म्हणून आप्तेष्ट खालून पाय ओढीत. यापेक्षा करुण सेवा दुसरी कोणती असेल!

बघ्यांची जत्रा

वर्षातून साधारण आठ वेळा येणारा हा दिवस कामकरी वर्गाला जणू सुट्टीचाच असे. टायबर्नजवळ लाकडी सज्जे उभारलेले होते आणि त्यांतील जागा भाड्याने दिल्या जात. फळे, भाकरी व जिनची दारू विकणारे फिरत. मरणाऱ्याचे ‘अंतिम भाषण’ तो मरण्यापूर्वीच छापून त्याची पत्रके विकली जात. विल्यम होगार्थ या चित्रकाराने सन १७४७ मध्ये आपल्या ‘उद्योग आणि आळस’ या चित्रमालिकेत टायबर्नचा देखावा कोरला आहे. त्यात गाडीतला तरुण दूर, मागे, लहानसा दिसतो. चित्राचा पुढचा सारा भाग मारामारी करणाऱ्या, विकणाऱ्या आणि हसणाऱ्या माणसांनी व्यापलेला आहे. त्या अफाट गर्दीत त्याच्या मरणाकडे लक्ष असलेली माणसे शोधावी लागतात.

सन १७२४ च्या नोव्हेंबरमध्ये जॅक शेपर्ड या २२ वर्षांच्या चोराला फाशी झाली. तो न्यूगेटमधून दोनदा निसटला असल्याने लोकांच्या दृष्टीने वीरच झाला होता. त्याला पाहण्यास दोन लाख लोक लोटले, असे त्या काळी सांगितले गेले. आकडा अतिशयोक्त असू शकेल. तरी त्यातून गर्दीचे स्वरूप कळते. फाशीनंतर प्रेत शस्त्रवैद्यांच्या विच्छेदनासाठी न्यावे की नातलगांनी पुरावे, यावरून वधस्तंभाखालीच हाणामाऱ्या होत. मृताच्या हाताचा स्पर्श झाल्यास अंगावरच्या गाठी बऱ्या होतात, या समजुतीने लोक आजारी माणसांना घेऊन येत.

मुख्य प्रश्न असा की, यातून धाक बसला काय? समकालीन विचारवंतांचेच उत्तर नकारार्थी होते. बर्नार्ड मँडेव्हिल यांनी सन १७२५ मध्ये आणि लंडनचे दंडाधिकारी व कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांनी सन १७५१ मध्ये लिहिले की, या देखाव्याने भीती निर्माण होत नाही. उलट गुन्हेगाराला मिरवण्याची संधी मिळते आणि लोकांची मने निबर होतात. खिसेकापूही फाशीच्या गर्दीत हात चालवीत असत, आणि खिसा कापणे हाही तेव्हा फाशीचाच अपराध होता!

आपल्या शास्त्रांच्या भाषेत या अवस्थेला नेमके नाव आहे. हिंसेत आनंद मानणे हा रौद्रध्यानाचा पहिला प्रकार, हिंसानंदी. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे भेद सांगताना, राग वा द्वेषाने इतरांच्या वधाचे, बंधनाचे व छेदाचे चिंतन करणे याला अपध्यान म्हटले आहे. अनर्थ म्हणजे निष्प्रयोजन. टायबर्नच्या बघ्याला त्या मृत्यूपासून काहीही मिळत नव्हते. त्याने कोणाला मारले नाही, मारविले नाही. तरी घरी परतताना तो पूर्वीचा राहिला नव्हता. अनुमोदनेचे फळ म्हणतात ते हेच.

मेरी जोन्स

सन १७७१ मध्ये मेरी जोन्स नावाच्या एका तरुण स्त्रीला टायबर्नला फाशी झाली. तिच्या पतीला नौदलात सक्तीने भरती करून नेले होते, पदरी दोन लहान मुले होती, आणि लंडनच्या लडगेट हिल भागातील एका दुकानातून तिने कापड उचलले होते. सहा वर्षांनी, सन १७७७ मध्ये, सर विल्यम मेरेडिथ यांनी पार्लमेंटमध्ये तिची हकीकत सांगितली. त्यांच्या कथनानुसार ती वीस वर्षांचीही नव्हती, दुकानदाराने पाहताच तिने कापड परत ठेवले होते, आणि वधस्तंभाकडे जाताना मूल तिच्या अंगावर पीत होते. कायद्याच्या नावाखाली याहून नीच हत्या झाली नसेल, असा त्यांचा आशय होता.

त्याच वर्षी विल्यम डॉड या प्रसिद्ध धर्मोपदेशकाला ४,२०० पौंडांच्या खोट्या कर्जरोख्यासाठी फाशी ठरली. त्याला वाचविण्यासाठी २३,००० लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी त्याच्यासाठी लेखणी झिजविली. तरीही डॉड वाचला नाही. परंतु ज्या लंडनमध्ये लोक फाशी पाहण्यास जागा भाड्याने घेत, तेथेच हजारो लोक एक फाशी थांबावी म्हणून सही करू लागले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दयेपोटी केलेला खोटा हिशेब

याहून शांतपणे एक बदल न्यायालयांत घडत होता. चोरीचा माल ४० शिलिंगांचा ठरला तर फाशी, ३९ शिलिंगांचा ठरला तर नाही. तेव्हा ज्युरीत बसलेले साधे दुकानदार आणि कारागीर शपथ घेऊन महागडा माल ३९ शिलिंगांचा ठरवू लागले. विल्यम ब्लॅकस्टोन या थोर कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात अशा निर्णयांना ‘धर्मशील खोटी शपथ’ असे नाव दिले. सत्य अणुव्रताचे लक्षण सांगताना समंतभद्रांनी, जे सत्य दुसऱ्यावर विपत्ती आणते तेही श्रावकाने बोलू नये, असे म्हटले आहे. त्या ज्युरींना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याच ठिकाणी येऊन पोहोचली होती.

ज्यांची चोरी झाली ते व्यापारीही फिर्याद देण्यास कचरू लागले. आपल्या चार शिलिंगांसाठी एखाद्याचा जीव जावा, हे त्यांना रुचेना. हीच गोष्ट पुढे सन १८३० मध्ये २१४ गावांतील सराफ-पेढीवाल्यांनी एकत्र येऊन पार्लमेंटला अर्जाने कळविली. खोट्या सहीला फाशी असल्यामुळे फिर्यादी पुढे येत नाहीत, म्हणून ती शिक्षाच काढून टाका, अशी त्यांची मागणी होती. कायदा ज्यांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी होता, त्यांनीच आपली संमती काढून घेतली. सन १८३२ मध्ये अशा बहुतेक अपराधांची आणि सन १८३७ मध्ये उरलेल्यांची फाशी रद्द झाली. व्यापारउदीम करणाऱ्या आपल्या समाजाने हे उदाहरण विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या चळवळीत क्वेकर नावाच्या लहानशा ख्रिस्ती पंथाचा वाटा मोठा होता. शस्त्र न धरणे हे त्यांचे तत्त्व आणि व्यापार व पेढी हे त्यांतील अनेकांचे व्यवसाय. त्यांच्यापैकी विल्यम अ‍ॅलन यांनी सन १८०८ मध्ये देहान्त शिक्षेविरुद्ध लोकशिक्षण करणारी संस्था काढली आणि एलिझाबेथ फ्राय यांनी सन १८१३ पासून न्यूगेटमधील स्त्री-बंदिवानांची सेवा आरंभिली. संख्येने अल्प असलेला समाजही राष्ट्राच्या विवेकाला जागे करू शकतो, याची ही साक्ष आहे.

मुंबईतील सात वर्षे

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. सर जेम्स मॅकिंटॉश हे सन १८०४ ते १८११ या काळात मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे तेथील इंग्रजी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आजच्या एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचे मूळ असलेली लिटररी सोसायटी त्यांनीच सन १८०४ मध्ये स्थापन केली. इंग्लंडात फाशीचे कायदे वाढत असताना या न्यायाधीशाने मुंबई बेटावर आपल्या कारकिर्दीत एकही फाशी अमलात येऊ दिली नाही.

सन १८११ च्या जुलैमध्ये निरोप घेताना ज्युरीपुढे त्यांनी हिशेब मांडला. सन १७५६ ते १७६३ या सात वर्षांत देहान्त शिक्षेस पात्र असे १४१ अपराधी ठरले आणि ४७ जणांना फाशी झाली. सन १८०४ ते १८११ या सात वर्षांत लोकसंख्या दुपटीहून अधिक झालेली असताना असे अपराधी १०९ ठरले आणि फाशी एकालाही झाली नाही. दोन लाख माणसे सात वर्षे फाशीवाचून राहिली आणि गुन्हे वाढले नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. ते परकीय सत्तेचे अधिकारी होते हे खरे. परंतु धाकाच्या सिद्धांताला आकड्यांनी दिलेले हे उत्तर मुंबईच्या भूमीवर तयार झाले, याचे आपणांस अगत्य असावे.

तिकडे लंडनमध्ये सर सॅम्युअल रॉमिली यांनी सन १८०८ मध्ये खिसेकापूंची फाशी रद्द करवून घेतली. परंतु दुकानातील ५ शिलिंगांच्या चोरीची फाशी उठविण्याचे त्यांचे विधेयक सन १८१० मध्ये उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. विरोधात मत देणाऱ्यांत सात बिशप होते! धर्मपीठावर बसल्याने करुणा आपोआप येत नाही, हे कोणत्याही धर्माच्या अनुयायांनी नम्रपणे स्मरणात ठेवावे. रॉमिली सन १८१८ मध्ये निवर्तले आणि त्यांचे काम मायदेशी परतून पार्लमेंटचे सभासद झालेल्या मॅकिंटॉश यांनीच पुढे चालविले. सन १८६१ पर्यंत देहान्त शिक्षेचे अपराध दोनशेंवरून केवळ चारांवर आले.

पडदा पडला

टायबर्नची शेवटची फाशी ३ नोव्हेंबर १७८३ रोजी झाली. गर्दी व दंगा टाळण्यासाठी मिरवणूक बंद करून वधस्तंभ न्यूगेटच्या दारातच आणला गेला. फाशी लोकांना दिसणार नसेल तर तिचा उपयोग काय, असे म्हणून डॉ. जॉन्सन यांनी या बदलावर टीका केली. वस्तुतः न्यूगेटच्या दारातही गर्दी कमी झाली नाही. सन १८०७ मध्ये तेथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३० बघे मरण पावले. अखेर २६ मे १८६८ रोजी इंग्लंडमधील शेवटची जाहीर फाशी झाली आणि त्यानंतर ही शिक्षा तुरुंगाच्या भिंतीआड गेली. सन १९६४ नंतर तेथे कोणासही फाशी झाली नाही, आणि सन १९६९ मध्ये खुनाबद्दलची देहान्त शिक्षा कायमची रद्द झाली.

राज्याने दंड देऊच नये, असे जैन परंपरा म्हणत नाही. दहाव्या शतकातील आचार्य सोमदेवसूरींनी नीतिवाक्यामृतात दंडनीती हे राजाचे कर्तव्य मानले आहे, आणि गृहस्थाला विरोधी हिंसा सर्वथा टाळता येत नाही हेही आपल्या आचार्यांनी जाणले आहे. प्रश्न दंडाचा नसून त्यात रस घेण्याचा आहे. भारतातही राजस्थान उच्च न्यायालयाने एका प्रकरणात जाहीर फाशीचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने सन १९८५ मध्ये तो घटनेच्या २१ व्या कलमाशी विसंगत ठरवून रोखला. कायद्याने दार बंद केले आहे. परंतु एखादा घोर गुन्हा घडला की ‘भर चौकात फाशी द्या’ हे उद्गार आपल्याही तोंडी सहज येतात, आणि जमावाच्या मारहाणीची दृश्ये हातातल्या मोबाईलवर पाहून आपण ती पुढे पाठवितो. टायबर्नला जाण्यास तीन मैल चालावे तरी लागत होते.

अहिंसाणुव्रताचा आदर्श म्हणून समंतभद्रांनी कोणा राजाचे वा श्रेष्ठीचे नाव घेतले नाही. मातंग कुळातील यमपालाचे घेतले. यमपाल हा राजाचा जल्लाद होता. चतुर्दशीला जीववध न करण्याचे व्रत त्याने मुनींपाशी घेतले होते. नेमक्या त्या दिवशी राजाज्ञेने अपराध्याचा वध करण्याची पाळी आली, तेव्हा स्वतःच्या प्राणांवर बेतले तरी त्याने नकार दिला. ही कथा आपण पर्युषणात पुष्कळदा ऐकतो आणि तिच्यात व्रताचा महिमा पाहतो. तिच्यात आणखीही काही आहे. ज्याचा व्यवसायच वध, त्याला जर ‘आज नाही’ असे म्हणता आले, तर ज्याला केवळ पाहावयाचे आहे त्याला पाठ फिरविणे किती सोपे असावे! ३९ शिलिंगांचा हिशेब लिहिणारे ज्युरी, फिर्याद न देणारे दुकानदार आणि अर्जावर सही करणारे पेढीवाले यांनी तेच केले. त्यांनी कायदा मोडला नाही, राज्य उलथविले नाही. केवळ आपली अनुमोदना काढून घेतली, आणि कालांतराने वधस्तंभ खाली उतरला.

कृत आणि कारित यांवर आपला अधिकार नेहमीच चालतो असे नाही. अनुमोदना मात्र ज्याची त्याच्याच हाती असते. तिचा हिशेब प्रतिक्रमणाच्या वेळी प्रत्येकाने आपला आपण घ्यावा, एवढेच या लेखाचे मागणे.